आर्डेल त्वेटला तीनदा विचारावं लागतं

आर्डेल त्वेटला कॉफी हवी असली की तो "नको" म्हणतो. पुन्हा विचारलं की "उगाच कशाला त्रास" म्हणतो. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप दे" म्हणतो आणि तीन कप रिचवतो. त्याला एकट्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पश्चिम मिनेसोटातल्या आमच्या गावात सगळेच असे आहेत. चर्चच्या तळघरातल्या जेवणावळीत केकचा शेवटचा तुकडा दुपारपर्यंत ताटलीत पडून असतो, कारण तो प्रत्येकाला हवा असतो. पहिल्याच आग्रहाला हो म्हणणाऱ्याला आम्ही हावरट समजतो, आणि तो बहुतेक करून शिकागोकडचा कुणाचा तरी जावई निघतो.

आर्डेलने जन्मभर धान्याच्या कोठारात काम केलं. गव्हाची धूळ छातीत जाऊन बसली ती बसलीच. आता सकाळ-संध्याकाळ एक पंप तोंडाला लावून औषध ओढायचं, की गडी अंगणातला बर्फ काढायला मोकळा. पंप नसला की तळघराच्या जिन्यात मध्येच कठडा धरून उभा राहतो. वर स्वयंपाकघरात त्याची बायको लव्हॉन हातातलं काम सोडून ऐकत राहते, पुढचं पाऊल वाजतंय की नाही.

हा पंप भारी महाग. विम्याशिवाय तो विकत घ्यायचा म्हणजे घरातलं काहीतरी विकायला काढायचं. आणि आम्हा म्हाताऱ्यांचा औषधांचा विमा दर वर्षी पानं गळायला लागली की नव्याने निवडावा लागतो. मी मर्ना, त्यांची शेजारीण. शाळेतून निवृत्त झाले आणि गावच्या वाचनालयात बसून लोकांना विमा निवडून द्यायचं घोंगडं स्वतःच गळ्यात घेतलं. तेव्हापासून टीव्हीवरच्या त्या विम्याच्या जाहिराती बघितल्या की माझं डोकं फिरतं. रुपेरी केसांची जोडपी होड्या वल्हवतात, टेनिस खेळतात, खदखदा हसतात. यांना औषधं लागतात तरी कशाला?

योजनांची नावं बघा. 'सोनेरी पहाट', 'सोनेरी पहाट विशेष', 'सोनेरी पहाट विशेष सुलभ'. तिन्ही एकाच कंपनीच्या. एकीत रक्तदाबाची गोळी स्वस्त, तर दुसरीत मधुमेहाची. तिसरीत दोन्ही स्वस्त, पण त्यासाठी सवलतीच्या दुकानात जायचं, आणि ते दुकान थेट पुढच्या जिल्ह्यात. यंदा योजनेच्या यादीत असलेलं औषध पुढच्या वर्षी असेलच असं नाही. आमची पुरुषमंडळी यावर सोपा उपाय करतात: गावातल्या हार्लनने जी योजना घेतली तीच सगळे घेतात. हार्लनला मोठ्याने बोलण्यापलीकडे कसलाही आजार नाही.

यंदा शरदात आर्डेलला त्याच्या विमा कंपनीने कळवलं की एक जानेवारीपासून पंप यादीतून बाद.

"त्यांची काहीतरी अडचण असेल," आर्डेल म्हणाला.

"अडचण तुझी आहे," मी म्हटलं. "दुसरी योजना घे."

"इतकी वर्षं त्यांच्याकडे आहे, मर्ना. असं तडकाफडकी सोडून जाणं बरं दिसत नाही."

"अरे, ती कंपनी आहे! तुझी मावशी नाही!"

माझं डोकं खाऊन झाल्यावर तो वाचनालयात आला. सगळ्या योजना चाळून शेवटी एक सापडली. नाव साधंच, 'हिरवं कुरण'. पंप यादीत होता, आणि तो आमच्याच गावच्या दुकानात मिळणार होता. मी म्हटलं, आत्ताच इथून फोन लावू. तर म्हणाला, "तू इतकं केलंस तेच खूप झालं. फोन मी घरी जाऊन करीन." मी ऐकलं. इथेच माझं चुकलं.

सात डिसेंबर हा नाव नोंदवायचा शेवटचा दिवस. दुपारी मी खजुराच्या वड्या घेऊन त्यांच्याकडे गेले. दोघं टेबलाशी बसली होती.

"झाला फोन?" मी विचारलं.

"केव्हाच. मंगळवारीच केला."

"मग नाव लागलं?"

"मुलगी गोड होती बोलायला. कुठली तरी टेक्सासकडची. म्हणाली, या योजनेत नाव नोंदवायचंय का? मी म्हटलं, नको, तुम्हाला उगाच त्रास."

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, ठीक आहे, तुमचा दिवस छान जावो."

"आणि तू फोन ठेवलास?"

"तिनेच ठेवला. येईल की परत. अजून दोनदा विचारायचं राहिलंय तिचं."

लव्हॉन उठली. ही बाई कधी आवाज चढवत नाही; लोकांचं दुधाचं भांडं तिच्या पायावर सांडलं तरी आधी तीच माफी मागते.

"ती नाही विचारणार, आर्डेल! तिला काय पडलंय? मी त्या जिन्याच्या वर उभी राहून तुझा घरघर आवाज ऐकते ना, मला ते सहन होत नाही. तुला कळतंय का? नाही सहन होत!"

आर्डेल तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने मुकाट्याने फोन ओढला.

आधी यंत्र बोललं. मग पियानो वाजला. मग पुन्हा यंत्र आलं आणि तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असं सांगून पुन्हा पियानो लावून गेलं. कॉफीची किटली रिकामी झाली तेव्हा कुठे माणूस बोललं. या वेळी दुसरीच मुलगी होती. तिने सगळी माहिती विचारून घेतली आणि म्हणाली, "सर, हे बोलणं रेकॉर्ड होतंय. 'हिरवं कुरण' योजनेत तुम्हाला नाव नोंदवायचं आहे का?"

"तुमची काही गैरसोय होणार नसेल तर..."

"सर, स्पष्ट उत्तर द्यावं लागेल. नाहीतर मला नकार लिहावा लागतो."

आर्डेलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अनोळखी बाईकडे, तेही रेकॉर्ड होत असताना, तोंड उघडून मागायचं! त्याच्यासाठी ते भर चर्चमध्ये सदरा काढण्यासारखं होतं. त्याची छाती वाजायला लागली, ती मला टेबलाच्या या बाजूला ऐकू येत होती. मला त्याच्या हातातला फोन हिसकावून घ्यावासा वाटला. पण त्याच्या वतीने मी हो म्हटलेलं चालणार नव्हतं.

लव्हॉन नुसती त्याच्याकडे बघत उभी होती.

"हो," आर्डेल म्हणाला. मग तेवढ्याने भागणार नाही असं वाटून आणखी मोठ्याने म्हणाला, "हो. मला हवंय. मला अजून जगायचंय, बाई. हिच्याबरोबर."

लव्हॉनने ओट्याकडे तोंड फिरवलं आणि ती रडली. पन्नास वर्षांच्या संसारात त्याने तिच्याकडेसुद्धा कधी काही मागितलं नव्हतं.

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला.

"सर," ती मुलगी म्हणाली, "नुसतं 'हो' पुरे होतं."