बंद बंगल्यांचा वावर

किहीमच्या दत्ताराम रंगाऱ्याच्या पोटात गेली दोन वर्षं दुखत होतं, आणि त्याला औषध नव्हतं, कारण त्या दुखण्याचं नाव प्रज्ञा होतं. प्रज्ञा म्हणजे त्याच्याच वस्तीतली, चार घरं सोडून राहणारी, अजितची बायको. वयानं त्याच्या मुलीएवढी. समोर दिसली की ‘जयभीम काका’ म्हणायची, आणि तेही इतक्या मनापासून की उलट जयभीम करताना दत्तारामला दात आवळावे लागायचे. बाई आगाऊ असती तर बरं झालं असतं, उघड भांडता आलं असतं. चांगल्या माणसाचा हेवा करणं फार कष्टाचं काम आहे, त्याला सुट्टी नसते.

दत्ताराम मूळचा वाईट नव्हे, हेही सांगून टाकलं पाहिजे. त्याच्या हाताला सफाई होती. किहीमपासून मांडव्यापर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्यांत मुंबईकरांचे जे बंगले उभे आहेत, त्यांतल्या निम्म्यांच्या भिंतींवर त्याचा ब्रश फिरलेला. हे बंगले आठ महिने शनिवार-रविवारचे आणि पावसाळाभर कुणाचेच नाहीत. मे संपला की मालक गाद्या उभ्या करतात, खिडक्या गच्च लावतात, कुलूप घालतात आणि मांडव्याला जाऊन बोटीत बसतात. मग पाऊस आणि खारा वारा आत काय करायचं ते करतात. दसऱ्याला दार उघडलं की आधी वास बाहेर येतो आणि मग मालक आत जातो. भिंतींवर काळे ठिपके, गाद्यांवर हिरवी लव, कपाटातल्या चामड्याच्या चपलांना दाढी फुटलेली. लोकांनी सगळे उपाय करून पाहिले होते. कापूर ठेवला, डांबरगोळ्या ठेवल्या, ओल शोषणारी यंत्रं आणली. पण पावसात वीज जायची आणि यंत्रालाच बुरशी यायची. शेवटी सगळे दत्तारामला बोलवायचे. तो पत्र्यानं भिंत खरवडायचा, औषध मारायचा, रंग द्यायचा, आणि पुढच्या दसऱ्याला तीच भिंत पुन्हा त्याची वाट बघत उभी असायची. तिच्यावरच त्याचा संसार चालला, मुलीचं लग्नही तिच्यावरच झालं.

आता मूळ गोष्ट. वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, वस्तीत रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. विहार लहान, पावसात गळणारा, म्हणून वाचन पाळीपाळीनं घरोघरी होतं. तीन पावसाळ्यांमागे एका संध्याकाळी ते दत्तारामच्या घरी होतं. वाचन झालं, वंदना झाली, त्याची बायको इंदूबाई चहा घेऊन फिरू लागली. तेवढ्यात कुणीतरी त्याला डिवचलं, की जगाच्या भिंती रंगवतोस आणि स्वतःच्या घराला कधी ब्रश लावत नाहीस, तरी इथं बुरशी कशी नाही? दत्तारामला असा प्रश्न म्हणजे मेजवानी. तो मांडी बदलून बसला.

“हितं बुरशी येईल कशी? हितं चूल पेटते, मानसं बसतात, उठतात, भांडतात. त्या बंगल्यांना रंग नको हाय, वावर पायजे. चार मानसं आत जाऊन जेवली ना, तर माझा धंदा बसंल.”

सगळे हसले. प्रज्ञा हसली नाही. तिनं विचारलं, की रोज जेवायला हवं की मधूनमधून चालेल? आणि खिडक्यांचं काय? दत्तारामनं मोठ्या ऐटीत सांगितलं, की आठवड्यातून दोनदा पुरे, पाऊस उघडला की समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, कपाटांची दारं सताड ठेवायची, गाद्या आडव्या करून त्यांवर खुशाल लोळायचं. एवढं बोलून त्यानं कप खाली ठेवला, आणि बोललेलंही त्या कपासोबतच ठेवून दिलं.

प्रज्ञानं ते उचललं. ती तेव्हा एका वकीलबाईंच्या बंगल्यात झाडलोट करायची. पुढच्या उन्हाळ्यात तिनं वकीलबाईंना म्हटलं, की या पावसाळ्यात किल्ली मला द्या, दसऱ्याला भिंतीवर एक ठिपका दिसला तर मला काही देऊ नका. वकीलबाई आधी बिचकल्या. आपल्या घरात परक्या बायकांनी येऊन स्वयंपाक करायचा, आपल्या पलंगावर पाठ टेकायची, हे त्यांच्या पचनी पडेना. प्रज्ञानं त्यांना एवढंच सांगितलं, की तुम्ही राखणीला माणूस ठेवता तो बाहेर बसतो, आणि घर मरतं ते आतून.

पावसाळ्यात वस्तीतल्या बायकांना काम नसायचं. बंगले बंद, वाड्यांत चिखल. प्रज्ञानं त्यांच्या जोड्या लावल्या. जोडीनं तांदूळ-डाळ घेऊन बंगल्यावर जायचं, शेगडी पेटवायची, भात शिजवायचा, जेवायचं, भांडी घासायची. बाकी घरी जे करता तेच तिथं करा, हा एकच नियम. कुणी वाल सोलायच्या, कुणी गोधडी शिवायच्या, कुणी एकमेकींच्या केसांना तेल लावायच्या. बारावीतल्या पोरी पुस्तकं घेऊन यायच्या, कारण तिथल्यासारखी शांतता घरी कुठली मिळायला. निघताना उघड्या कपाटांचे फोटो काढून मालकांना धाडायचे. या धंद्याला तिनं नाव दिलं, ‘वावर’.

त्या दसऱ्याला दत्ताराम नेहमीसारखा शिडी खांद्यावर टाकून वकीलबाईंच्या बंगल्यावर गेला. दार उघडलं, तर वास आला नाही. वास आलाच तर तो वालाच्या आमटीचा. त्यानं समुद्राकडच्या भिंतीवर तळहात दाबून फिरवला. ही भिंत त्याची हुकमी गिऱ्हाईक, दर वर्षी पहिली सडायची. हात कोरडा आणि स्वच्छ परत आला. कपाटामागे वाकून बघितलं, पलंगाखाली बॅटरी मारली, न्हाणीघराचं छत बघितलं. कुठंही काही नव्हतं. दुसऱ्या एखाद्याला आनंद झाला असता. दत्तारामच्या अंगाचा तिळपापड झाला. वकीलबाई म्हणाल्या, यंदा रंग राहू दे. तो शिडी घेऊन परत निघाला तेव्हा ती नेहमीपेक्षा जड लागत होती.

त्या दिवसापासून दत्तारामला दुसरा विषय उरला नाही. चोंढीच्या नाक्यावर चहा पिता पिता तो प्रत्येकाला सांगू लागला, की कल्पना माझी, माझ्या घरात, माझ्या चहावर ऐकलेली, आणि ही बया आयत्या बिळावर नागोबा होऊन बसली. लोक मान हलवायचे. मान हलवायला काय जातं? प्रज्ञानं स्कूटर घेतली, तर हा म्हणाला, बघा, माझ्या बुरशीवर घेतली. दुसऱ्या पावसाळ्यात तिच्याकडे किल्ल्यांचा मोठा जुडगा झाला, आणि ती रस्त्यानं गेली की त्याचा खुळखुळ दत्तारामला घरात बसून ऐकू यायचा. निदान त्याला तसं वाटायचं.

कळस केला तो इंदूबाईनं. ती एके दिवशी म्हणाली, की मलाही प्रज्ञानं विचारलंय, मी जाणार. दत्तारामनं दोन दिवस अबोला धरला. इंदूबाईला त्यामुळं जरा विश्रांतीच मिळाली. ती जायला लागली आणि संध्याकाळी हसत घरी यायची. तिच्या जोडीतल्या सगुणानं काय नक्कल केली, कुणाचा भात कसा करपला, सांगताना तिचं तिलाच हसू आवरायचं नाही. तीस वर्षांच्या संसारात आपण हिला एवढं हसवलं होतं का, हे दत्ताराम आठवू लागला. काही आठवेना, तेव्हा त्याचं खापरही त्यानं प्रज्ञावरच फोडलं.

मग तिसऱ्या पावसाळ्यात त्यानं ठरवलं, की ज्याची अक्कल त्यानंच धंदा करून दाखवावा. थळच्या बाजूच्या एका मालकाला गाठून, प्रज्ञापेक्षा स्वस्तात करतो म्हणून त्यानं बंगला मिळवला. बायकांचा गोतावळा, भात, तेल-फणी हे सगळं त्याला थोतांड वाटत होतं. घर गरम झालं म्हणजे झालं. त्यानं घमेल्यात नारळाची सोडणं पेटवली. खिडक्या उघडायला हव्यात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण उघड्या खिडक्यांपाशी थांबणार कोण? रिकाम्या घरात एकट्यानं बसायचं म्हणजे नुसता पाऊस ऐकायचा, आणि मनात प्रज्ञाचा जुडगा खुळखुळत राहायचा. अर्ध्या तासात त्याला करमेना. म्हणून तो सगळं गच्च लावून, सोडणं धुमसत ठेवून नाक्यावर चहाला जायचा. जन्मभर ज्या चुकीची त्यानं भिंती खरवडून दुरुस्ती केली, तीच चूक तो स्वतःच्या हातानं करत होता. श्रावण सरता सरता छत धुरानं पिवळं पडलं आणि त्या पिवळ्यावर काळे ठिपके उठले. ते त्यानं गुपचूप खरवडून रंगवलं. पण एक दिवस अचानक आलेल्या मालकाला ओल्या रंगाचा वास बरोबर कळला. त्यानं किल्ली परत घेतली, आणि ती कुणाकडे गेली हे सांगायला नको.

भाद्रपदात वाचनाची पाळी फिरून दत्तारामकडे आली. तीच खोली, तीच चटई, पावसाची तीच झड. वंदना झाली, इंदूबाई चहा घेऊन आली. बोलणं साहजिकच प्रज्ञाकडे वळलं. तिला अलिबागला बचत गटांच्या मेळाव्यात बोलायला बोलावलं होतं. काय बोलणार, असं बायकांनी विचारलं. दत्ताराम कोपऱ्यात बसून बशीकडे बघत होता. त्याला वाटलं, आता ही स्वतःची आरती ओवाळणार, आणि तीही माझ्या घरात बसून.

प्रज्ञा म्हणाली, “खरं तेच सांगणार. हे माझ्या डोक्यातनं आलेलं नाही. याच खोलीत काकांनी सांगितलं होतं, बंगल्यांना रंग नको, वावर पाहिजे. मी फक्त ऐकलं. तिथं सगळ्यांसमोर काकांचं नाव घेणार आहे मी.”

सगळ्या माना दत्तारामकडे वळल्या. याच वाक्यासाठी त्यानं दोन वर्षं नाक्यावर घसा सुकवला होता. आता ते आयतं, गोड चहाबरोबर, पुढ्यात आलं होतं. त्याची छाती फुगायला लागलीही होती. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या सखुबाईनं, वस्तीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईनं, अगदी भाबडेपणानं विचारलं,

“मंग रं दत्ताराम, तुला ठावं हुतं, तर तूच का न्हाय केलंस?”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्यानं परतवला असता. आजवर ‘चोरलं’ म्हणताना त्याला मोठा आधार होता. चोरी झाली म्हटलं की ज्याचं गेलं त्याला कुणी काही विचारत नाही. पोरीनं आज सगळं त्याचं त्याला परत करून तो आधारच काढून घेतला. प्रज्ञाची मान खाली गेली, आणि तिला आपली कीव आली हे दत्तारामला दिसलं. हेव्याहून ते जास्त झोंबलं. तो म्हणाला, चहा निवतोय, घ्या सगळे.

मंडळी गेली. इंदूबाई कप विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, “म्हातारीला उत्तर न्हाय दिलंत.”

दत्ताराम चटईवरून उठला. मग त्यानं घरातल्या भिंतीवर हात ठेवला, कोरड्या, कधीच न रंगवलेल्या.

“मला बुरशी लागत हुती, इंदू. दर साली लोकांनी माझी वाट बगायची, आन् मी शिडी घेऊन जायाचं. बुरशी ऱ्हायली तर मी ऱ्हातो, असं हुतं ते. कुणी मारली असती तर मी त्याचा वैरीच झालो असतो. मंग मी ती का मारू?”

इंदूबाईनं हात पुसले. तिनं त्याची समजूत काढली नाही, त्याला बोलही लावला नाही. फळीवरची एक किल्ली घेऊन तिनं त्याच्यापुढं ठेवली. ती थळच्या त्याच बंगल्याची होती. “उंद्या आमची पाळी हाय तिथं. सगुनाला ताप आलाय. तुमी चला. शिडी नको, पत्रा नको. नुसतं बसायचं हाय.”

दुसऱ्या दिवशी तो गेला. बायकोच्या मागून, छत्री धरून, ओळखीचं कुणी भेटू नये असं मनात म्हणत. इंदूबाईनं शेगडी पेटवली, त्यानं समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या, कपाटं सताड केली. दुपारी प्रज्ञा स्कूटरवरून चक्कर टाकायला आली आणि दोघांबरोबर जेवायला थांबली. ती हात धुवायला गेली तेवढ्यात दत्ताराम उठला आणि छताच्या आपण रंगवलेल्या जागेखालच्या भिंतीवरून, कपाटामागून, खिडकीच्या कोनाड्यातून त्यानं तळहात फिरवला. एखादा ठिपका, निदान एक तरी, सापडावा अशी त्याची फार इच्छा होती. हात स्वच्छ निघाला.

प्रज्ञानं दारातून ते पाहिलं आणि विचारलं, “काय काका, कशी आहे भिंत?”

दत्ताराम परत पानावर बसला. भात कालवला. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

“कोरडी हाय,” तो म्हणाला. आयुष्यात कुठल्याही भिंतीबद्दल एवढं जड वाक्य तो बोलला नव्हता. मग त्यानं आमटी मागून घेतली. आमटी छान झाली होती, आणि ती प्रज्ञानं डब्यातून आणलेली होती, याचंही त्याला थोडं वाईट वाटलं.