शालिनीच्या जाळ्या, समुद्रापलीकडे

नितीनचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या घरी दुपारचं जेवण उरकून आडवी झाले होते. "आत्या, मम्मी गेली…" एवढंच तो म्हणाला. मग कितीतरी वेळ मागे ट्रकचं इंजिन तेवढं ऐकू येत राहिलं. शालिनी, माझ्या धाकट्या भावाची बायको, बुऱ्हाणपूरच्या आपल्या कारखान्याच्या आवारात खुर्चीवर बसल्या बसल्या गेली. समोर मालदीवला जायचा कंटेनर भरत होते.

माझा भाऊ कागद कारखान्यात नोकरीला होता. तो अकाली गेल्यावर शालिनीने भिंतीत बसवायच्या सिमेंटच्या जाळ्या पाडायला सुरुवात केली. पुढे गावात सगळीकडे सरकत्या काचांच्या खिडक्या आल्या आणि जाळीला गिऱ्हाईक उरलं नाही. अशात व्यापाऱ्यांच्या एका गटाबरोबर ती मालदीवला जाऊन आली. बाकीचे सिमेंट-सळईच्या मोठ्या ऑर्डरी शोधत होते आणि ही लोकांच्या खिडक्या बघत हिंडली. आल्या आल्या मला फोन. "ताई, तिथे दगड नाही, वीट नाही. घर बांधायचं तर सारं बोटीने आणतात. अन् खाऱ्या हवेत लोखंडाचा पार भुगा होतो. माझ्या जाळीत लोखंडच नाही, गंजणार काय?" ती उतरली होती ते छोटं गेस्टहाउस आमिना नावाच्या बाईचं होतं. आमिनाही विधवा, सिनेमे बघून हिंदी शिकलेली. पहिली ऑर्डर तिनेच दिली.

पहिल्या खेपेत निम्म्या जाळ्या फुटल्या. दुसऱ्या वेळी शालिनीने त्या केळीच्या वाळल्या पानांत गुंडाळल्या. आमच्याकडे पानांना काय तोटा! पण पानांतून कीड जाते म्हणून बंदरावर माल अडवला, सगळा उतरवून परत पाठवला. मला वाटलं, आता ही खचणार. ती मात्र यंत्रमागवाल्यांच्या दारोदार फिरून चिंध्यांची पोती घेऊन आली. "पानात नाही जात, तर लुगड्यात गुंडाळून धाडते," म्हणाली. त्या खेपेला एकही जाळी फुटली नाही. मग आमिनाच्याच बेटावरच्या शाळेची ऑर्डर आली, ती या कंटेनरमध्ये होती.

मी पोचले तेव्हा शालिनीला ओसरीत ठेवलं होतं आणि भरलेली गाडी फाटकाशी उभी होती. नितीन माझा हात धरून म्हणाला, "आत्या, जहाज थांबणार नाही. पण मम्मी घरात असताना गाडी कशी सोडू?"

"तिने सोडली असती," मी म्हणाले.

गाडी निघाली. वळणावर आमची अंत्ययात्रा मागून येताना पाहून ड्रायव्हरने ती कडेला घेतली आणि तो खाली उतरून हात जोडून उभा राहिला. शालिनी आपल्या मालाला ओलांडून पुढे गेली…

अस्थी तापीत सोडताना नितीनने विचारलं, "आत्या, तापी समुद्रालाच मिळते ना?" मी हो म्हणाले, आणि तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. माल दक्षिणेला बंदराकडे चालला होता, ही पश्चिमेला. भांडी घासताना, देवापुढे बसल्यावर एकच विचार येई. आता कुठवर गेली असेल?

गेल्या आठवड्यात मी बुऱ्हाणपूरलाच होते. शालिनीचा फोन वाजला. आमिना. "शालिनीदीदी, स्कूल का माल आ गया, एक भी नहीं टूटा!" मी कसंबसं सांगितलं. मग ती म्हणाली, "झूठ. दीदी तो रोज़ शाम को मेरे बरामदे में होती है." तिने फोन आपल्या व्हरांड्यातल्या भिंतीजवळ नेला. शालिनीच्या पहिल्या जाळ्या तिथे बसवल्या होत्या. त्यांतून वारा येत होता. शिट्टी नव्हे, नुसती घरघरही नव्हे. लांब, संथ, मध्येच अडकून पुन्हा सुरू होणारा आवाज.

नितीन माझ्याकडे बघत होता. "आत्या," तो हळूच म्हणाला, "मम्मी झोपली की अस्साच श्वास घ्यायची."

मलाही तेच ऐकू आलं होतं. आम्ही फोन मधे ठेवून बसून राहिलो. कुणालाच तो बंद करवेना…