फ्लेक्सखालचा ओटा

सभेत माईक हातात आला की मला कुणाची भीती वाटत नाही. भल्या भल्या साहेबांना तोंडावर "खोटं बोलताय" म्हटलेलं आहे. पण हे — हे तोंडातून कधी निघालं नाही. आईपुढे नाही, संघटनेत नाही. तुम्हाला सांगते.

जळकोटला आमच्या वस्तीत अभ्यासिकेपुढे लाकडी फळ्यांचा ओटा होता. तो होण्याआधी तिथं नुसता चिखल; आमच्याकडची माती काळी. पाऊस झाला की चपला हातात घेऊन अभ्यासाला यायचं. त्या चिखलावर मी कॉलेजपासून पत्रकं लिहीत होते. 'चिखलातलं शिक्षण आणखी किती दिवस???' — मोठ्या टायपात, तीन प्रश्नचिन्हं. काय झालं त्यांचं? उदगीरच्या बसस्टँडवर एकदा माझ्याच पत्रकात बांधलेली भजी मला मिळाली. खाल्ली मी.

मग मिलिंद आला. माझ्याच वर्गातला, लातूरला डिप्लोमा केलेला. त्यानं एक ओळ लिहिली नाही. त्या उन्हाळ्यात लोक जुनी माळवदं पाडून स्लॅब टाकत होते. हा दारोदार फिरला — ओट्यासाठी तुमच्या घराची एक तुळई द्या. आणि लोकांनी दिल्या! सुमनआत्यानं, माझ्या सख्ख्या आत्यानं, सगळ्यांच्या आधी दिली, आंब्याची. आरागिरणीत चिरून फळ्या झाल्या, खुंटांवर बसल्या, मध्ये बोटभर फटी. त्यानं त्यांना जवसाचं तेल पाजलं. संध्याकाळी बाया तिथं बसायच्या आणि जुन्या खिळ्यांच्या भोकांवरून आपापली फळी ओळखायच्या. "सरक गं, ही आमच्या माजघराची हाय!"

आत्या सगळ्यांदेखत मला म्हणाली, "तुझं समदं कागदावर. ह्याचं बघ, बुडाखाली हाय." बाया हसल्या. मीही हसले.

तुम्हाला कधी दुसऱ्याच्या चांगल्या कामाचा राग आलाय? मागणी माझीच होती. ती पूर्ण झाली आणि मला ती नको झाली. मुलगी म्हणून मला डावललं, असं लिहिता आलं असतं. तशी पत्रकं मी लिहिली आहेत, आणि ती खरी होती. इथं मात्र कुणी मला डावललं नव्हतं. मी जळत होते. बस.

पावसाळ्याच्या तोंडावर मिलिंद नोकरीला लातूरला गेला. जाताना ओटा माझ्यावर सोपवला — माझ्यावरच! "झड लागली की झाक. पण कापड लाकडाला टेकू देऊ नको, खाली बांबू आडवे घाल. वारं खेळलं पाहिजे. अन् ऊन पडलं की उघड. आंबा लई हाय यात, पाण्याला टिकत न्हाई." झाकायला काय घेतलं? फ्लेक्स. आंदोलनवाल्यांकडे दुसरं काही नसलं तरी जुने फ्लेक्स असतात. माझ्या खोलीत थप्पी पडलेली — मोर्चे, उपोषणं, जयंत्या.

पहिल्या झडीला बांबू घातले नाहीत, तो कंटाळा होता. पुढचं सगळं कंटाळा नव्हता.

उघडीप झाली. मी एक कोपरा उचलला. उबट वास आला. फटींमधून कुत्र्याच्या छत्र्या उगवलेल्या. फळीवर अंगठा दाबला तर नख आत गेलं. आणि मला — कसं लिहू? — मला बरं वाटलं. कोपरा खाली सोडला, वर दगड ठेवले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "ऊन पडलंय की, उघडायचं न्हाई का?" मी म्हटलं, "मिलिंदनंच सांगितलंय, झाकूनच ठेवा."

पावसाळाभर तो ओटा माझ्याच घोषणांखाली कुजला.

आम्हा बौद्धांचा पावसाळ्यातला वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो; त्या कार्यक्रमासाठी मी फ्लेक्स काढले. छत्र्या खरवडल्या आणि वरून तेलाचा हात मारला. ओटा चकाकला. कशासाठी केलं? तसाच दिसला असता तर सांभाळला कुणी, हे विचारलं गेलं असतं. लोक त्यावर चढणार, हे मला माहीत होतं. हो, माहीत होतं.

खीर वाटायला आत्या उठली. सवयीनं आपल्याच फळीवर उभी होती. फळी कडाडलीसुद्धा नाही — भिजलेल्या भाकरीसारखी खाली गेली. आत्याचा पाय मांडीपर्यंत आत. खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं. अजून वॉकर धरून चालते.

दुसऱ्याच दिवशी मी पत्रक काढलं. 'या अपघाताला जबाबदार कोण?' पडक्या घरांची लाकडं, हौशी कारागिरी, गरिबांच्या जिवाशी खेळ — काय नव्हतं त्यात! माझं सगळ्यात चांगलं पत्रक. या वेळी लोकांनी ते वाचलं. घड्या घालून जपून ठेवलं.

मिलिंद आला. मोडलेली फळी उलटी करून कितीतरी वेळ बघत बसला. मग माझ्याकडे येऊन एकच विचारलं, "बांबू घातले होतेस ना गं?"

"हाव."

त्यानं मान हलवली. विश्वास ठेवला. तसाच गेला, आत्याच्या खाटेपाशी, सगळ्यांपुढे म्हणाला, "माझं चुकलं. मला लाकूड ओळखता आलं न्हाई." आत्याचा मुलगा त्याला नको नको ते बोलला. मी तिथंच होते, मोसंबी सोलत.

आता तिथं सिमेंटचा ओटा आहे. मिलिंद लातूरला ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवतो, लाकडाच्या कामाला हात लावत नाही. या जयंतीला आला होता. नव्या ओट्यावर टाच आपटून बघितली आणि मला म्हणाला, "हे बरं केलं. लाकडाचं मला जमलं न्हाई."

आत्यानं त्याच्याकडून तोंड फिरवलं. वॉकर बाजूला सारून मला जागा केली. "तू ये गं. माझ्यापाशी बस."

मी बसले.