माघातले सोमवार

केरबा पिराजी नांदवडेकर हा माणूस सातवी पास होता आणि मला पीएच.डी. त्यानं शिकवली. हे वाक्य माझ्या प्रबंधात नाही. प्रबंधात अकरा जणांचे आभार मानले आहेत. त्यात टायपिस्ट आहे, बांधणीवाला आहे, आमच्या सरांच्या सौभाग्यवतीही आहेत. का, तर त्यांनी मला दोनदा पोहे खाऊ घातले. केरबामामाचं नाव नाही. दहा वर्षं झाली, पण ते पान उघडलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते, आणि त्यातली निम्मी आग माझी माझ्यावरच असते.

शहात्तर साली मी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. झाले. दादा, म्हणजे माझे वडील, शाळामास्तर. पोरीनं कॉलेजात शिकवावं एवढीच त्यांची इच्छा. मी मात्र सरांचं एक व्याख्यान ऐकून भुलले होते. वेड हे भुताखेतांचं नसतं, त्याची मुळं रक्तातल्या रसायनांतही असतात, असं तेव्हा कोल्हापुरात उभं राहून सांगणारे सर एकटेच होते. बोलायचे मात्र झकास! मी त्यांच्याकडे नाव नोंदवलं आणि मंगळवार पेठेतून सायकल हाणत त्यांच्या वेड्यांच्या इस्पितळात जायला लागले. इस्पितळाचं नाव मी लिहिणार नाही.

पहिल्या दिवशी मी खारे दाणे खातखात प्रयोगशाळेत शिरले आणि खाकी शर्टातला एक बुटका माणूस माझ्यावर असा ओरडला की वॉर्डातले पेशंट खिडकीशी गोळा झाले.

"पावणं, भाईर! आदी हात धुवा, मग नाव सांगा!"

मी चिडून म्हटलं, "मी इथं संशोधन करायला आलेय."

"मग ह्ये बगा." त्यानं माझं बोट धरून शुद्ध पाण्याच्या भांड्यात बुडवलं आणि तेच पाणी फ्लेम फोटोमीटरला लावलं. रक्तातले क्षार ज्योतीत जाळून मोजायचं ते यंत्र. निळी ज्योत भपकन पिवळी झाली. "ह्ये तुमचं दाणं. हितं मिठाचा कण आला की समदी मापं खोटी. माणसाचं औषिद ह्या मापावर ठरतंय, ताई."

सरांनी मला दोन वर्षांत इतकं नेमकं काही शिकवलं नाही. सर म्हणायचे, वाचा, लिहा, आलेख काढा, आणि बैठकीला निघून जायचे. बाकी सगळं केरबामामाचं. तो मूळचा नेसरीचा. शिरोळच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत हंगामी बाटल्या धुवायचा, तिथून चौसष्ट साली इकडे लागला. राग कायम नाकावर. बाटली तीनदा धुऊन उजेडात धरणार, डाग दिसला की स्वतःलाच शिव्या घालणार. आणि रक्त द्यायला बसलेल्या प्रत्येकाला विचारणार, "काल काय खाल्लंसा?" भाकरी, आमटी, खर्डा, जे सांगतील ते चाळीसपानी वहीत तारखेनिशी लिहून ठेवणार. सर ती वही बघून हसायचे. "केरबा, तू काय खानावळ काढणार आहेस?" मग आम्हीही हसायचो. कसलं हसत होतो आम्ही, देव जाणे.

माझा विषय होता लिथियम. उन्मादाच्या रुग्णांना हा क्षार गोळ्यांतून देतात आणि माणूस खरोखर ताळ्यावर येतो. पण त्याचं रक्तातलं प्रमाण ठरलेल्या पट्टीत राहावं लागतं. आमच्या मापात एकच्या आसपास असलं तर औषध, दीडच्या वर गेलं की हात थरथरतात, दोनच्या वर गेलं तर जिवावर बेततं. सरांचं म्हणणं होतं, डोस नीट बसवला की आपल्या माणसांत हे प्रमाण वर्षभर सरळ रेषेत राहतं. हे ते परिषदांतून आधीच सांगून बसले होते. आता मी चाळीस रुग्णांचं दर सोमवारी रक्त मोजून ते सिद्ध करायचं होतं.

त्या चाळिसांत शिरोळच्या बाळाबाई होत्या. उन्माद चढला की तीन-तीन दिवस झोपत नसत, घरातली भांडी गावात वाटून येत. नवऱ्यानं, आण्णानं, चार वर्षं सगळे उपाय केले होते. लिथियम सुरू झालं आणि आठ महिन्यांत बाई स्वयंपाकघरात परत उभ्या राहिल्या. सोमवारी येताना हरभऱ्याचे डहाळे आणायच्या आणि केरबामामाला मुद्दाम विचारायच्या, "भाऊ, ह्येला मीठ न्हाई लावल्यालं. आत आणू व्हय?" तेवढ्यापुरता तो हसायचा.

अठ्ठ्याहत्तरचा माघ लागला आणि रेषा वाकडी झाली. पहिल्या सोमवारी सात जणांचं लिथियम वर गेलं. बाळाबाईंचं एक पूर्णांक चार. दुसऱ्या सोमवारी एक पूर्णांक आठ, आणि त्यांच्या हातातला पाण्याचा पेला डुचमळत होता. मी तीनदा मोजलं. सरांनी कागद बघितला, भुवया उंचावल्या. "यंत्र बिघडलं असेल. नाहीतर बाटल्या घाण. हे सोमवार गाळून टाक."

"माज्या बाटल्या?" केरबामामा मागून ओरडला. "सायेब, बाटल्या घाण असत्या तर चाळीस जणांची मापं चढली असती. सातच कशी चढली?"

याचं उत्तर कुठल्याही संशोधकाला द्यावंसं वाटलं असतं. सर म्हणाले, "तू बाटल्या धू."

उत्तर त्याच्या वहीतच होतं. सातही जण जोतिबाचे खेटे करत होते. माघातल्या पाचही रविवारी कोल्हापुरातून अनवाणी डोंगरावर चालत जायचं. त्यात ह्या सात जणांनी माघभर अळणी जेवण्याचा नवस केलेला. मिठाचा कण नाही. वर उन्हातला घाम. शरीरातलं मीठ संपलं की शरीर लिथियम धरून ठेवतं, बाहेर सोडत नाही. हे सरांच्या टेबलावरच्या जाड पुस्तकात छापलेलं होतं. मी ते वाचलं होतं. पण बाळाबाई मीठ खातात का हे विचारायचं मला सुचलं नाही, कारण मी संशोधक होते आणि जेवण विचारणं हे केरबाचं काम होतं!

आम्ही दोघं सरांकडे गेलो. मी पुस्तकाचं पान पुढे केलं. सरांनी ते मिटलं. "विमला, हे खरं धरलं तर तुझं आहाराचं कोष्टक कुठाय? ही खानावळीची वही परीक्षक धरणार नाहीत. मग दोन वर्षांचं काम पाण्यात. पुन्हा पहिल्यापासून सुरू करशील?"

"आन् त्या बाईचं काय?" केरबामामा म्हणाला.

"मी कुणाच्या श्रद्धेच्या आड येत नाही," असं म्हणून सर उठले. फार उदार मन हो त्यांचं!

मी त्या दोन सोमवारांवर तांबड्या पेन्सिलीनं काट मारली. समासात 'यंत्रदोष' असं लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळेच म्हणतात.

तिसऱ्या रविवारी मी घरी आलेख काढत बसले होते. केरबामामा मात्र पहाटेच वडणगे, कुशिऱ्याच्या वाटेनं निघाला आणि गायमुखाशी, जिथून चढ लागतो तिथं, उभा राहिला. पुढचं मला आण्णानं सांगितलं. मामाच्या हातात पुडी होती, खाऱ्या दाण्यांची. ज्यानं दाण्यापायी मला हाकललं होतं तोच माणूस सातही जणांना गाठून दाणे खायला सांगत होता. लोक खवळले. नवसाच्या माणसाला मीठ चारतोस? कुणी थोबाडीत दिली, कुणी टोपी उडवली. तो स्वतः दरसालचा खेटेकरी, तो ओरडत राहिला, "पाप माज्या डोस्क्यावर! जोतिबाला मी सांगतो काय सांगायचं ते!" सहा जणांनी शिव्या घालत का होईना, दाणे खाल्ले आणि तिथूनच माघारी फिरले. बाळाबाईंना खाताच येईना. त्या उलट्या करत होत्या आणि जीभ जड झाली होती. त्यानं आणि आण्णानं त्यांना जीपमध्ये घालून इस्पितळात आणलं. ड्यूटीवरच्या डॉक्टरला त्यानं दारातूनच सांगितलं, "लिथियम चढलंय, गोळ्या थांबवा, सलाइन लावा." डॉक्टर नवा होता, त्यानं निमूट ऐकलं. चार दिवसांत बाई उठून बसल्या.

सरांनी केस पेपरवर लिहिलं, 'ऊन लागले.' आणि केरबामामावर लेखी ठपका आला: रुग्णांच्या उपचारांत ढवळाढवळ, धार्मिक भावना दुखावणे, वरिष्ठांशी उद्धट वर्तन. तिसरा आरोप तेवढा खरा होता. चौकशीत मला साक्षीला बोलावलं. मी म्हटलं, "रविवारी मी तिथं नव्हते." एवढंच. हे वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच मला त्याची जास्त शिसारी येते. त्याला कामावरून काढलं. जाताना त्यानं ती वही माझ्या टेबलावर ठेवली. "ताई, ह्ये तुमच्यापाशी ऱ्हाऊंद्या. दर माघात काडून बगा. मान्सं इचारत न्हाईत, आपुन इचाराय पायजे."

मी ती कपाटात ठेवली.

एकोणऐंशीच्या जानेवारीत आण्णा प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. मार्चमध्ये मला प्रबंध सादर करायचा होता, टायपिस्ट पानं मागत होता.

"केरबाभाऊ न्हाईत व्हय?"

"ते आता इथं नसतात. काय काम होतं?"

"न्हवं, गेल्या साली खेटं मोडलं न्हवं का? मंडळी म्हंत्यात, नवस अर्धा ठिवायचा न्हाई. ह्या माघात पुरा करायचा, अळणीच. भाऊ म्हनलं हुतं, फुडल्या येळी मला इचारल्याबिगर जाऊ नगासा. म्हून आलो. चालंल न्हवं, ताई?"

इतका सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नाही. कपाट माझ्या मागे होतं. सर पलीकडच्या खोलीत होते, दार उघडं होतं. नको म्हटलं असतं तर का नको ते सांगावं लागलं असतं, आणि का नको ते सांगितलं की माझे गाळलेले सोमवार खरे ठरत होते. सगळा प्रबंध त्या दोन तांबड्या काटांवर उभा होता. मी म्हटलं, "सरांना विचारा."

सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "खुशाल जा. चालणं चांगलंच असतं. फक्त डोक्याला टॉवेल बांधा." आण्णा बिचारा दोघांच्या पाया पडून गेला. मी त्याला फाटकापर्यंत गाठू शकले असते. सायकल बाहेरच होती. मी टायपिस्टला पानं दिली.

त्या माघात गायमुखाशी कुणी उभं नव्हतं. बाळाबाईंनी पहिले दोन खेटे केले. तिसराही पूर्ण केला, वर जाऊन गुलाल उधळला, हात थरथरत होते ते भक्तीनं थरथरतायत असं बरोबरच्या बायकांना वाटलं. सोमवारी त्या रक्त द्यायला आल्या नाहीत. कोल्हापुरात ज्या बहिणीकडे उतरल्या होत्या तिच्या घरीच बेशुद्ध झाल्या आणि इस्पितळात पोचायच्या आत गेल्या. माझ्या प्रबंधाच्या एकशेबाराव्या पानावर त्यांच्याबद्दल एक ओळ आहे: 'एक रुग्ण अभ्यासातून बाहेर पडला.' ती ओळ सरांनी सांगितली, मी लिहिली आणि परीक्षकांनी तिच्याखाली काही रेघ ओढली नाही. मला पदवी मिळाली. दादांनी पेढे वाटले.

पेढ्यांच्या दुसऱ्या दिवशी केरबामामा नेसरीहून एस.टी.नं आला. बाळाबाईंचं कुणीतरी त्याला सांगितलं असणार. तो प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला, आत आला नाही. हात धुतले नव्हते म्हणून असेल, त्याची जुनी सवय. आता हा इस्पितळ डोक्यावर घेईल म्हणून मी दार लावायला उठले. तो ओरडला नाही.

"माजी वही द्या."

मी कपाट उघडून वही दिली. त्यानं ती तिथंच चाळली. त्याच्या शेवटच्या तारखेपुढची सगळी पानं कोरी होती. एकाही माणसाला कुणी, काल काय खाल्लंत, हे विचारलं नव्हतं.

मी म्हणाले, "मामा, निर्णय सरांचा होता."

"सायेबाचं सोडा. त्येला त्येचं नाव प्यारं, त्यो आंधळाच." त्यानं वही शर्टाच्या आत घातली. "त्येला म्या कवाच शिकीवलं न्हवतं. तुमास्नी शिकीवलंतं. तुमास्नी ठावं हुतं की, ताई."

आणि मला ठाऊक होतं.