मध्यंतरापर्यंतचा पिक्चर

कॉलेजच्या तीन वर्षांत आम्ही तिघींनी अमरावतीला ढीगभर पिक्चर पाहिले, पण शेवट एकाचाही पाहिला नाही. बाराचा खेळ तीनला सुटायचा आणि आमची पॅसेंजर अडीचला बडनेऱ्याहून निघायची. ती चुकली की आमच्या गावी, चांदूर रेल्वेला पोचेपर्यंत अंधार, आणि घरी तोफखाना. म्हणून पडद्यावर मध्यंतर आलं की आम्ही उठायचो, लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर पडायचो आणि ऑटोत कोंबून घेऊन बडनेरा गाठायचो.

उरलेला पिक्चर आम्ही गाडीत करायचो. पात्रं वाटून घ्यायची आणि थेट ‘मी’ म्हणून बोलायचं, असा आमचा नियम होता. एकीचे वडील रेल्वेत गँगमन. तिचा आवाज घोगरा, म्हणून ती कायम बाप. दुसरीच्या अब्बांचं गाद्या-रजया भरायचं दुकान. ती समजूत घालणारी मैत्रीण. हिरॉइन मी. ती मी भांडून मिळवायचे. डब्यातल्या बाया हसायच्या आणि शेंगदाणे पुढे करायच्या.

त्या वर्षी माझं कशात लक्ष लागत नव्हतं. कारण दादा.

आमच्याकडे तेव्हा वावरवाल्याला कुणी पोरगी देईना. चपराशी चालेल, पानठेलेवाला चालेल, शेतकरी नको. त्या बापांना मी नावं ठेवत नाही. कापूस पिकवणाऱ्या घरात मी वाढले होते, मीही नकोच म्हटलं असतं. दादाला अकरा ठिकाणांहून नकार आला तेव्हा मध्यस्थाने साटंलोटं काढलं. पातूरकडच्या एका घरची मुलगी दादाला आणि तिच्या भावाला मी. एक मोडलं की दुसरंही मोडलं. दोन्ही घरांतून होकार गेला. मला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही तोंड उघडलं नाही. दादाने त्या मुलीला एकदाच पाहिलं होतं. तिने त्याला विचारलं होतं, विहिरीले उन्हाळ्यात पाणी राहते काय? एवढ्यावर तो पंधरा दिवस हसत होता. त्याने न्हाणीला दार बसवलं. आईला आणि मला इतकी वर्षं पोत्याचा पडदा चालला, आणि न आलेल्या सुनेसाठी दार! मला राग आला होता, आणि त्याचा आनंद पाहून स्वतःच्या रागाची लाजही वाटत होती.

तशात पत्र आलं. पुण्याला नर्सिंगला माझा नंबर लागला होता, पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं. अर्ज मी चोरून भरला होता आणि पत्ता रजईच्या दुकानाचा दिला होता. ते पत्र छातीशी धरून मी आठवडाभर फिरत होते. रात्री झोप नाही, ताटातलं अन्न गोड लागेना.

त्याच आठवड्यात तो पिक्चर लागला. डोंगराळ भागातलं एक छोटं गाव, चार मित्र, आणि गाव सोडायचं की नाही एवढीच गोष्ट. मध्यंतराला हिरॉइन बॅग घेऊन बसस्टँडवर उभी होती आणि तिचा भाऊ तिला शोधत येत होता. आम्ही उठलो.

गाडी सुटल्याबरोबर बाप सुरू झाला, “काहून वं, कुठी चालली? घराची काही लाज?”

“मी जाईन,” मी म्हणाले. “मले कोणी इचारलं काय? माह्या भावाले बायको पायजे, म्हून मी कोण्या घरी जाऊन पडू? त्याचं लगन होवो नाहीतर राहो, मी जाईन!”

भावाला बायको, लग्न, यातलं पिक्चरमध्ये काही नव्हतं. बाप झालेलीने माझा हात दाबला. मग रजईवाली हळूच म्हणाली, “चूप बैठ. ये तेरी पिक्चर नहीं है.” पण मी थांबते कुठे! चांदूर येईपर्यंत मी बोलत होते आणि रडत होते. समोरच्या बाकावरच्या बाईने मला पाणी दिलं, ते मी घटाघटा प्यायले.

ती बाई पातूरच्या मुलाची सख्खी मावशी होती. मला पाहायला आले तेव्हा ती आली होती. पण मला पाहायला आले तेव्हा मी काय पाहिलं? पोह्यांच्या बशा देताना मान खाली घालायची, असं आईने दहादा बजावलं होतं. मी सगळ्यांचे पाय पाहिले. तिने मात्र माझं तोंड नीट पाहून ठेवलं होतं. पाहुण्यांत मान खाली घालण्याची ही शिकवण मला अशी भोवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मध्यस्थ मामा आमच्या ओसरीवर. पातूरवाले म्हणतात, तुमची पोरगी पळून जाणार आहे, सोयरीक मोडली. बाबा खाली बसले. आईने मला ओढून समोर आणलं. मी पिक्चरचा नियम सांगितला, पात्रं वाटून घेतो, ‘मी’ म्हणून बोलतो, सगळं. मामांचा चेहरा उजळला. “हात्तिच्या! मंग मी आजच पातूरले जाऊन सांगतो, पिक्चरचं होतं म्हणा.” आई म्हणाली, “हो, पिक्चरचंच होतं. सांग वं, पिक्चरचं होतं म्हून.”

दादा दारात उभा होता. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, “तू सांग. पिक्चरचं होतं काय?”

एक शब्द पुरला असता. हो म्हणाले असते तर त्याचं घर वसलं असतं. मी म्हणाले, “पिक्चर मध्यंतरापर्यंतच पाह्यला, दादा. पुढचं माहं होतं.”

आईने माझ्या मुस्काटात मारली. दादा बैल सोडून वावरात गेला. संध्याकाळी तो आल्यावर मी त्याला पुण्याच्या पत्राचं सांगितलं, तेव्हा त्याने विचारलं, “कवा हजर व्हा लागते?” मला बडनेऱ्यापर्यंत सोडायलाही तोच आला.

मी पुण्याची झाले. नोकरी, घर, मुलं. पातूरची ती मुलगी अकोल्यात कुणाला तरी दिली. दादाचं मात्र पुढे जमलंच नाही. आधी वय होतं तर स्थळ नव्हतं, मग वयही गेलं. आई-बाबा गेल्यावर तो एकटाच राहतो. मी दोन भावंडांच्या नशिबाचा सौदा मोडला आणि खरं बोलले, याचा मला मनातून फार अभिमान होता. मुलींनाही मी ती गोष्ट सांगत आले.

गेल्या दिवाळीत गेले होते. भाकरी तो थापत होता, माझ्याहून छान थापतो. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते मी विचारलं, “दादा, त्या दिवशी तुले राग आला होता काय?”

“आला होता ना,” तो तव्याकडे पाहत म्हणाला. “तुहं खरं हाय, हे मले तुह्या तोंडावरूनच समजलं होतं. तरी इचारलं. म्हटलं, बहीण हाय, बोलंन एखांदं खोटं माह्यासाठी. तू ‘पिक्चरचं होतं’ म्हटली असती, तर मी मानून घेतलं असतं.”

त्याने तव्यावरची भाकर माझ्या ताटात टाकली आणि दुसरी थापायला घेतली.