पाचव्या मजल्यावरच्या चित्राहुती

जगातल्या यच्चयावत प्राण्यांच्या जेवणाची काळजी देव वाहतो आणि विठ्ठलवाडीपुरती त्याला थोडी मदत आपण करतो, अशी माझ्या बायकोच्या थोरल्या मामांची प्रामाणिक समजूत होती. अंबरनाथच्या एका कारखान्यातून साहेब म्हणून निवृत्त झालेला हा माणूस ताटाशेजारी मुंग्यांसाठी चित्राहुती घातल्याशिवाय घास घेत नसे. भाताच्या त्या चिमट्या लोक आपल्या घरात घालतात; मामा कारखान्याच्या कँटीनमध्येही घालत. उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका सिंधी लग्नात तर त्यांनी टेबलाच्या पांढऱ्याशुभ्र कापडावर पुलावाच्या चिमट्या मांडल्या. यजमान धावतच आले. "अरे साईं, प्लेट छोटी पड़ी क्या? दूसरी देता हूँ!" मामा शांतपणे म्हणाले, "ये मेरा नहीं, मुंगी लोग का है."

दुपारी विठ्ठलवाडीतल्या त्यांच्या चाळीच्या गॅलरीत आरामखुर्चीत पडून, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी मुंग्यांची रांग बघत राहायचं, हा त्यांचा आवडता उद्योग. तेव्हा ते झोपेत बोलल्यासारखे बोलत. "जावईबापू, आज भात इथं आहे, हे हिला कुणी सांगितलं असेल हो?" मग आम्ही दोघंही त्या प्रश्नात तरंगत राहायचो. मला हमखास डुलकी लागायची.

मामी गेल्या आणि मुलानं मामांना बदलापूरच्या नव्या फ्लॅटमध्ये नेलं. पाचवा मजला, चकचकीत फरशी. चित्राहुती घातल्या तशाच वाळून जायच्या, मुंगी फिरकेना. इतक्या उंचावरचा पत्ता देवाला ठाऊक नसावा, असं मामांनी मनाला लावून घेतलं. "जिथं मुंगीची सोय नाही तिथं माझी कुठली?" म्हणत ते भरल्या ताटावरून उठू लागले. कपडे अंगावर लोंबायला लागले. घाबरून सुनेनं मला फोन केला. "भाऊजी, बाबा जेवतच नाहीत हो. तुम्ही या ना प्लीज."

मला जायला आठवडा लागला. बघतो तर मामा आमटी-भात मागून मागून घेत होते. ते हात धुवायला गेले तशी सूनबाई चटकन वाकली, चित्राहुती बोटांनी टिपून मुठीत घेतल्या आणि मला गप्प राहण्याची खूण करून आत पळाली. मुंगी दिसली तरी किंचाळणारी मुलगी ती. मला अगदी भरून आलं.

दुपारी आम्ही बाल्कनीत बसलो. समोरचे डोंगर उन्हात विरघळल्यासारखे दिसत होते. मी म्हटलं, "मुंग्यांना पत्ता सापडला म्हणायचा."

"मुंग्या कसल्या!" मामा डोळे मिटूनच म्हणाले. "मी चूळ भरून येईपर्यंत मुंग्या एवढं नेतात होय? पहिल्याच दिवशी कळलं मला."

"मग?"

"मग काय! मी बसलोय मुंगीची वाट बघत. माझी सोय देवानं आधीच करून ठेवली होती, तिकडे माझं लक्षच नव्हतं." त्यांनी एक डोळा किलकिला करून आत पाहिलं. "तिला बोलू नका हं. मी फसलोय असंच वाटू दे तिला."

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिला मी अजून सांगितलेलं नाही.