मनकर्णा मॅडमची सही

मनकर्णा मॅडमना जपानच्या बेसबॉलचं वेड. आता तुम्ही म्हणाल, कुठं अकोला अन् कुठं जपान! पण शाळेच्या मैदानावर मुलींना बेसबॉल शिकवणाऱ्या या मॅडम दुपारी कडुनिंबाखाली बसून फाटके चेंडू लाल दोऱ्यानं शिवतात अन् मोबाईलवर तिकडचे सामने लावतात. शिवता शिवता डोळे जड होतात, अन् बाई थेट टोकियोला.

चेंडूला टाके एकशे आठ. माळ ओढावी तसे त्या मोजतात. मोजताना त्यांना एखादा जपानी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा गडी, दिसतो, अमेरिकेला निघालेला. मनात आलं अन् निघाला, असं तिकडे चालत नाही. नऊ वर्षं खेळून झाली की गडी मोकळा. त्याआधी जायचं तर क्लबानं स्वतः त्याचं नाव पुढं करायचं. मग पंचेचाळीस दिवसांत परक्या संघाशी बोलणं जमलं तर जमलं, नाहीतर घरी परत. आपला सगळ्यात चांगला गडी आपल्याच हातानं द्यायचा, याचं मॅडमना भारी नवल. स्वप्नात क्लबाचा मालक विमानतळावर कमरेत वाकून त्याला निरोप द्यायचा, अन् बाहेर पिंजलेला कापूस उडावा तसा बर्फ पडत असायचा.

या आठवड्यात मात्र टाके चुकत होते. त्यांची पिचर गीतांजली हिला अमरावतीच्या एका निवासी प्रशिक्षण केंद्रानं निवडलं होतं. आताच्या संघाचं सोडपत्र मॅडमच्या सहीनिशी आज पाचच्या आत केंद्राच्या मोबाईलवर पोचलं तरच जागा मिळणार. अन् ते पत्र चार दिवसांपासून मॅडमच्या ग्लोव्हमध्ये घडी घालून पडलेलं. पुढच्या महिन्यात विभागाची फायनल होती. बारा वर्षांत पहिल्यांदा संघ तिथवर पोचला होता, तोही या पोरीच्या हातावर. मॅडम वाईट नव्हत्या हो, लोभ सुटत नव्हता.

तीन वाजता गीतांजली आली. खाली बसली, मॅडमच्या हातातली सुई घेतली, चुकलेला टाका उसवून नीट घातला. मग म्हणाली, "सही राहू द्या, मॅडम. मी नाई जात. मले इथंच बरं वाटते."

हेच वाक्य तीस वर्षांपूर्वी मॅडम स्वतः बोलल्या होत्या, पुण्याच्या संघाचं बोलावणं आलं तेव्हा, त्यांना खेळ शिकवणाऱ्या रामराव सरांपुढं. सर खुश झाले, चहा पाजला. आपलं खोटं सरांनी ओळखावं म्हणून त्या कप संपल्यावरही बराच वेळ बसून होत्या. सरांनी ओळखलं नाही. की ओळखलं होतं, देव जाणे.

"खोटं काहून बोलून राहिली?" मॅडम म्हणाल्या.

गीतांजलीनं मान खाली घातली अन् रडायलाच लागली.

मॅडमनी पत्र काढलं, मांडीवर ठेवून सही केली, तिथंच फोटो काढून पाठवून दिला. गेली फायनल, त्यांच्या मनात आलं. वाईट वाटलं, फार वाटलं. मग ग्लोव्ह चढवला अन् दुखरे गुडघे मोडून चेंडू झेलणाऱ्या कॅचरसारख्या उकिडव्या बसल्या.

"टाक. पुरा जोर लाव."

चेंडू सणसणत आला. चार दिवस मधे कागदाची घडी होती. आज तो थेट तळव्यावर बसला. हात झणझणला, डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी चेंडू परत फेकला अन् म्हणाल्या, "अजून एक."